आजोबांच्या फियाटला ड्रॅगचा लूक द्यायचाय, जुन्या पद्धतीचा की नवा? (नागपूर)

महालचा_फियाटवाला
नमस्कार मंडळी, दोन वर्षांपासून नुसतं वाचून राहिलो होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. घरी आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९७८ ची. घरात सगळे फियाटच म्हणतात. नऊ वर्षं वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती, दिवाळीच्या साफसफाईत ताडपत्री काढली अन् डोक्यात किडा शिरला. इंजिन फिरते, पत्रा बऱ्यापैकी शाबूत आहे, डाव्या दाराच्या खाली अन् डिकीच्या तळाला तेवढा गंज. कागद चालू आहेत, बाबा दर वेळी गुपचूप रिन्यू करून आणायचे हे आत्ता कळलं.

मला तिला ड्रॅग कारचा लूक द्यायचाय. रेस खेळायची नाहीये, १०८९ सीसी अन् चाळीस-बेचाळीस घोड्यात काय रेस खेळणार. रविवारी सकाळी फुटाळा तलावापर्यंत जायचं, तर्री-पोहे खायचे, परत यायचं. पण पाहणारा थांबला पाहिजे.

डोक्यात दोन चित्रं आहेत अन् दोन्हीत तीन महिन्यांपासून अडकलोय. एक म्हणजे साठच्या दशकातली अमेरिकन गॅसर, नाक वर, पुढे सायकलसारखी बारीक चाकं, मागे रुंद, लोखंडी रिमा, दारावर हाताने रंगवलेली अक्षरं. दुसरं एकदम आजचं, गाडी जमिनीला चिकटलेली, मडगार्ड फुगवलेले, मॅट काळा रॅप (रंगावर चिकटवायची फिल्म), मागे जाड ड्रॅग रेडियल टायर, आत बकेट सीट अन् रोल केज (लोखंडी पाइपांचा पिंजरा). बजेट साडेतीन लाख, त्यात गंजाचं कामही आलं. घरच्यांना दीडच सांगितलंय. बोला.

मॅट_ब्लॅक
यात विचारायचं काय, नवा लूक. गॅसर ही अमेरिकेतल्या आजोबांची आठवण आहे, आपल्या आजोबांची नाही. तुझ्या फियाटचं नाक वर केलं की लोक म्हणतील मागच्या कमानी मोडल्या, डिकीत सिमेंटच्या गोण्या आहेत का. काळी कर, खाली घे, चाकं मोठी टाक, फुटाळ्यावर पोट्टे फोटोसाठी रांग लावतील.

चौदा_इंची
काळी करू नको रे बाबा. त्यावर पिवळी पट्टी मारायची बुद्धी होईल अन् ती मुंबईची टॅक्सी होईल. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली तेव्हा तिकडे लोक रडले. आपल्याकडे काळी-पिवळी म्हटलं की मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने नेतात ते पुतळे) आठवते, गल्लीतले पोट्टे "घेऊन जा गे मारबत" करत मागे लागतील.

नवीन_सदस्य_वर्धा
माफ करा, ड्रॅग म्हणजे टोईंग का? ओढून नेतात ती गाडी?

चौदा_इंची
@नवीन_सदस्य_वर्धा नाही हो. सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचं, आधी पोचेल तो जिंकला. वळण नाही, ब्रेक नंतर. बाकी नऊ वर्षं उभी फियाट म्हणजे पहिल्या दिवशी टोईंगच लागेल, तुम्ही अगदीच चुकला नाहीत.

बर्डीचा_इंजिनिअर
जरा सविस्तर लिहितो, कारण या विषयावर लोक फोटो पाहून मत बनवतात अन् मग पैसे घालून बसतात.

आधी हे समजून घे की गॅसरचं नाक वर असायचं ते दिसायला छान म्हणून नाही. गॅस म्हणजे तिकडचं पेट्रोल, पंपावरचं साधं पेट्रोल टाकून पळणाऱ्या गाड्यांचा तो वर्ग. त्यातला लाडका सांगाडा म्हणजे १९४१ ची विलीज कूपे, छोटी अन् हलकी. तेव्हाचे टायर अरुंद, पकड नाही, इंजिन मोठं, अॅक्सिलेटर दाबला की मागची चाकं जागीच फिरायची. मग लोकांनी पुढची सस्पेन्शन काढून जुन्या गाड्या-व्हॅनचा सरळ अॅक्सल कमानीच्या पाट्यांवर बसवला. एक तर हलका, दुसरं मोठ्या इंजिनाला जागा, तिसरं गाडी उंच झाली म्हणजे सुटताना वजन जास्त मागे सरकणार.

किती सरकते ते तुझ्या गाडीवर काढून दाखवतो. वजन ९०० किलो धरू, पुढच्या-मागच्या चाकातलं अंतर २.३४ मीटर. वेग पकडताना अर्धा जी, म्हणजे गुरुत्वाच्या निम्मा जोर, मिळाला (तुझ्या इंजिनात मिळणार नाही, पण धरू) अन् गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर असेल तर मागे साधारण १०६ किलो सरकतात. गाडी १० सेंटिमीटर उचल, १२५ होतात. म्हणजे एवढा सगळा उपद्व्याप करून कमाई १९ किलो. बॅटरी पुढून काढून डिकीत टाकली तर त्यातलं बरंचसं फुकटात मिळते. म्हणून टायर सुधारले तसे साठचं दशक संपता संपता हे लोक स्वतःच खाली आले.

नव्या गाड्या खाली असतात त्यालाही कारणच आहे, टायर चिकटतात, पॉवर प्रचंड, शेवटी दोनशेच्या वर वेग, तिथे उंच गाडी हवेत डगमगते. मुद्दा हा की दोन्ही रूपं त्या त्या काळच्या अडचणीतून आली. १९६५ मध्ये क्रायस्लरच्या लोकांनी तर काही गाड्यांची मागची चाकं १५ इंच अन् पुढची १० इंच पुढे सरकवली, वजन मागच्या चाकांवर यावं म्हणून. गाडी इतकी विचित्र दिसायची की लोक फनी कार म्हणायला लागले अन् पुढे त्या नावाचा वर्गच झाला. कोणी आरशासमोर बसून ठरवलं नव्हतं.

तुझ्या गाडीची अडचण कोणती ते आधी ठरव, लूक आपोआप ठरेल.

मॅट_ब्लॅक
सर लेक्चर मस्त, पण त्याला लूकच पाहिजे, त्याने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. कारण-बिरण शोधत बसलं तर चाळीस घोड्यांच्या गाडीला कारण एकच, पोहे.

बर्डीचा_इंजिनिअर
पोहे हेही कारणच आहे. पोह्याला जाणाऱ्या गाडीला सिमेंट रोडवरून जावं लागते.

पटकरी_भंडारा
म्या गाडीतलं काही समजत नाही, माझा भाचा हे वाचते म्हणून वाचत बसलो. पण हे वजन मागं-पुढं चाललं ना, ते आमच्या शंकरपटासारखंच, बैलजोडीच्या शर्यतीसारखंच आहे बाप्पा. सरळ दान, जोडी सुटली की सेकंदात हिशेब, घड्याळवाला बसलेला राहते. छकडी इतकी हलकी करतेत की दोघं मिळून उचलून नेतेत. धुरकरी, म्हणजे हाकणारा, पण पाहूनच बसवतेत, पोट सुटलेला चालत नाही. मधात २०१४ ले बंदी आली होती तवा लोकांनी जोड्या विकल्या, आता २०२३ च्या निकालानं सुटलं.

मी सांगून राहिलो ते येवढंच का आमच्याकडे पोळ्याचा बैल येगळा अन् पटाचा बैल येगळा. पोळ्याच्या बैलाले झूल, शिंगाले बेगड, गळ्यात घुंगरं, कपाळाले बाशिंग. पटाच्या बैलाले यातलं काहीच नाही, निस्ता कातडा चमकते. तुमाले कोणता पाहिजे ते ठरवा. पोळ्याचा पाहिजे असंन तर लाजू नका, पोळा पण सणच आहे. पण पटात झूल घालून बैल आणला का मानसं हासतेत.

जुनं_ते_जुनंच
@पटकरी_भंडारा काका दंडवत. या धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट.

महालचा_फियाटवाला
काका तुमची पोस्ट बाबांना वाचून दाखवली, ते दहा मिनिटं हसत होते. मग म्हणाले "आपली तान्ह्या पोळ्याची, लाकडी." (तान्हा पोळा म्हणजे पोरांचा, लाकडी बैलांचा.) आता घरात गाडीचं नावच तान्हा पडलंय.

इंजिनिअर सर, पटलं. पण मग मधला मार्ग? पुढचं नाक जुन्यासारखं वर अन् मागे नवीन जाड टायर, एलईडी, बकेट सीट वगैरे?

तर्री_टॉर्क
मधला मार्ग म्हणजे सावजीत चीज टाकणं. कोणालाच आवडत नाही अन् पैसे दोन्हीचे लागतात.

जुनं_ते_जुनंच
+१. एक साल ठरव अन् त्याच्या पुढचं काही लावायचं नाही. १९६६ म्हटलं तर १९६६. मग दिवे गोलच, काच साधी, स्टीअरिंग पातळ, गिअर तुझा आधीच स्टीअरिंगच्या दांड्यावर आहे, ते तर सोनं आहे. माझं मत स्पष्ट आहे की पद्मिनीची बॉडीच साठच्या दशकाची, ती मुळातली फियाट ११०० डी, आपल्याकडे १९६४ पासून, नाव नंतर बदललं. तो उभट चेहरा, ते क्रोम, त्या शेपट्या. तिला मॅट काळा रॅप म्हणजे आजीला जीन्स. आजी घालतीलही, पण अवघडून बसतील.

अन् पुढच्या बारीक चाकांसाठी तुला खर्चच नाही! पद्मिनीचा मूळ टायर ५.२०-१४ आहे, तो आधीच सायकलचा दिसतो. लोक हजारो रुपये देऊन पुढे बारीक चाकं आणतात, तुला कंपनीनेच दिलीत.

मॅट_ब्लॅक
आजीला जीन्स, हे जरा जास्तच झालं. माझी आजी सत्तरीत अॅक्टिव्हा शिकली.

नव्या लूकमध्येही पुढे बारीक चाकं चालतात, माहितीसाठी. २०१८ ची डॉज चॅलेंजर डेमन बघा, पाव मैल ९.६५ सेकंद, सुटताना पुढची चाकं हवेत. बारीक चाकांची फॅशन जुन्यांचीच मक्तेदारी नाही.

बर्डीचा_इंजिनिअर
डेमनचं उदाहरण दिलंस ते बरं झालं, तेच उलटं वाच. ती गाडी शोरूममधून निघायची तेव्हा चारही टायर सारखे, ३१५ रुंदीचे. पुढची बारीक चाकं कंपनी वेगळ्या पेटीत द्यायची, ट्रॅकवर गेल्यावर बदलण्यासाठी, सोबत जॅक अन् पाना. ८४० घोड्यांची गाडी बनवणारेही रस्त्यावर बारीक चाकं लावून पाठवत नाहीत, कारण ब्रेक मारला की वजन पुढे येते अन् थांबवायचं काम पुढच्याच टायरला करावं लागते. जुलैत वर्धा रोडवर पाणी साचलेलं असताना करून पाहा.

फियाटचं वेगळं, ती हलकी आहे अन् ५.२० वर आयुष्य काढलंय. पण चारही ड्रम ब्रेक आहेत हे विसरू नको. लूक कोणताही घे, पहिले पैसे ब्रेकवर. व्हील सिलिंडर, होज, मास्टर सिलिंडर, लायनिंग, सगळं नवं. नऊ वर्षं उभ्या गाडीचं रबर रबर राहिलेलं नसते. पेट्रोलची नळीही बदल, आता इथेनॉलवालं पेट्रोल आहे, जुन्या रबराला ते खाते.

अन् रोल केजचं काय खूळ आहे? हेल्मेट न घालता केजच्या गाडीत रस्त्यावर फिरायचं म्हणजे डोक्याच्या शेजारी लोखंडी पाइप घेऊन फिरायचं. तिकडे एनएचआरएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संघटनेच्या नियमात रोल बार ११.४९ सेकंद किंवा त्याहून वेगवान गाडीला सक्तीचा आहे. तुझी वीसच्या खाली आली तरी मी पेढे वाटीन.

रात्रीचा_राजा_एमएच४९
एवढं सगळं करून चालवायची कुठे, पोह्याला? समृद्धीवर रात्री दोन वाजता या, रस्ता मोकळा राहते, सेकंद पण मोजू. मी स्विफ्ट घेऊन येतो.

आरटीओ_एजंट_नाही
@रात्रीचा_राजा_एमएच४९ असली पोस्ट टाकू नको. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अन् दंड सोड, त्या रस्त्यावर रात्री लोक कुटुंब घेऊन शिर्डीला जात असतात.

धागाकर्ते, आता तुमच्यासाठी. इतका वेळ कोणी मूळ मुद्द्यावर आलंच नाही. गाडी १९७८ ची ना? पहिली नोंदणी कोणत्या महिन्यातली? कारण दोन वर्षांत तिला ५० पूर्ण होतात. २०२१ च्या जुलैत केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम काढले, ५० वर्षांवरच्या गाडीला वेगळा नंबर मिळतो, राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए. नव्या नोंदणीला २० हजार, दहा वर्षं चालते. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा फेरफार नको. तो नंबर घेतला की रोज ऑफिसला नेता येत नाही, प्रदर्शन-रॅली वगैरेपुरती. तुम्ही तसेही रविवारवालेच.

दुसरं, विंटेज नको असली तरी कलम ५२ आहेच. कंपनीने दिलेल्या रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. कलम १८२ अ मध्ये मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड. प्रत्येक बदलामागे हे दोनदा वाचा. मडगार्ड फुगवले, चेसिस कापली, इंजिन दुसरं टाकलं, अशी बेरीज होत जाते. रंग बदलला तर आरसीवर नोंद करून घ्यावी लागते, त्यात लपवण्यासारखं काही नाही, करून टाकायची.

मी एजंट नाही. नाव वाचूनही लोक मेसेज करतात.

महालचा_फियाटवाला
बाप रे. नोंदणी ऑगस्ट १९७८. हे डोक्यातच नव्हतं. म्हणजे आत्ता मडगार्ड कापले तर दोन वर्षांनी हात चोळत बसावं लागेल.

चौदा_इंची
एवढ्यासाठीच मी म्हणत असतो की निर्णय जुना-नवा असा नसतोच, निर्णय ग्राइंडरचा असतो. एका कागदावर दोन रकाने कर. पान्याने होणारी कामं एकीकडे, ग्राइंडरने होणारी दुसरीकडे. चाकं, बंपर काढणं, सीट, स्टीअरिंग, रंग, अक्षरं, सगळं पान्याचं किंवा ब्रशचं. खाली घेणं, जाड टायर आत बसवायला मागचा आतला पत्रा कापणं, मडगार्ड रुंद करणं, केज वेल्ड करणं, हे ग्राइंडरचं. फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस आहे, आतला पत्रा कापला की गाडीचा कणाच कापला. आता बघ कोणत्या लूकची कामं कोणत्या रकान्यात पडतात.

मॅट_ब्लॅक
हा अन्याय आहे, पण तर्क बरोबर आहे. फक्त सरळ अॅक्सल पण ग्राइंडरच्या रकान्यात टाक, गॅसरवाल्यांना सूट नको.

चौदा_इंची
टाकला. सरळ अॅक्सल रद्द.

जुनं_ते_जुनंच
सरळ अॅक्सलशिवाय गॅसर म्हणजे संत्र्याशिवाय नागपूर, पण ठीक.

तर्री_टॉर्क
नाक वर करायला काही नको बे. ४८ वर्षांच्या स्प्रिंगा बसलेल्या असतात. पुढच्या दोन नव्या टाक, मूळ मापाच्याच, नाक आपोआप इंच-दीड इंच वर येते. माझ्या काकांच्या गाडीचं असंच झालं, लोक विचारत होते जॅकवर काहून उभी आहे. वरून पुढचा बंपर काढला की अजून उचलते. बंपर बोल्टवर आहे, गुंडाळून माळ्यावर ठेवून दे.

महालचा_फियाटवाला
(अठरा दिवसांनी)
मंडळी माफ करा, गायब होतो. डोकं फिरलं होतं.

गंजाच्या कामासाठी गाडी एका डेंटरकडे दिली, नाव घेत नाही, ओळखीतून मिळाला होता. फक्त दार अन् डिकीचा तळ सांगितला होता. बोलता बोलता मागे जाड टायर टाकायचा विचार होता एवढं त्याच्या कानावर घातलं, तीच चूक. चौथ्या दिवशी गेलो तर डाव्या मागच्या मडगार्डची आतली कड तीन बोटं कापलेली. म्हणे "तुम्हीच तर म्हटले होते टायर घासन, मी फुकटात करून ठेवलं." फुकटात! मी काहीच बोललो नाही, तिथे उलट्या ठेवलेल्या पेंटच्या डब्यावर बसून राहिलो. नशीब तुकडा फेकला नव्हता, भंगाराच्या ढिगात मीच हात घालून शोधला, हाताला टाके पडता पडता वाचले.

गाडी उचलून लकडगंजच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी तोच तुकडा परत लावला, बारीक टाके देत देत, पत्रा गरम होऊन वाकू नये म्हणून मध्ये चहा प्यायला थांबत. दोन दिवस लागले. हात फिरवला तर कळत नाही, आतून टॉर्च मारला तर कळते. बाबांनी आतून टॉर्च मारलाच.

तर ठरलं. जुना लूक, अन् ग्राइंडर गाडीच्या जवळ फिरकणार नाही. पुढे मूळ रिम अन् ५.२०, काळ्या रंगात, मध्ये क्रोम टोपी. मागे १७५/७० आर १४, कापाकापी न करता बसला, घासत नाही, चार माणसं बसवून खड्ड्यातून नेऊन पाहिली. दिसायला फार रुंद नाही पण पुढच्यापेक्षा भरलेला वाटतो. स्प्रिंगा नव्या टाकल्या अन् तर्रीभाऊ तुझं खरं निघालं, गाडीने मान वर केली. ब्रेक पूर्ण नवे. खर्च आत्तापर्यंत १ लाख ९० हजार, म्हणजे घरी सांगितलेलं जवळजवळ खरं झालं.

दोन प्रश्न उरले. मागची रिम लेथवाला कापून दोन इंच रुंद करून देतो म्हणतो, करू का? अन् बोनटमधून वर निघणाऱ्या तुताऱ्या, ते उघडे पाइप, खोटे लावू का?

बर्डीचा_इंजिनिअर
रिम कापून रुंद करू नको. मधली वेल्डिंग गोल आली नाही तर डगमगते, अन् तुटली तर चालत्या गाडीचं चाक सुटते. ग्राइंडर जवळ फिरकणार नाही असं तूच वरच्या ओळीत लिहिलंस.

तुताऱ्या खऱ्या असत्या तरी उघड्या ठेवू नको म्हटलं असतं. आपल्याकडे उन्हाळ्यातली धूळ अन् वाऱ्याने आलेली कोराडीच्या वीज केंद्राकडची राख इंजिनात गेली की रिंगा घासतात. खोट्या तर नकोच.

पटकरी_भंडारा
खोट्या तुताऱ्या म्हणजे झूल.

मॅट_ब्लॅक
हरलो. पण रंग तरी सांग, परत क्रीम कलर नको रे देवा.

महालचा_फियाटवाला
रंग मूळचाच, फिका निळा. आरसीवर तोच आहे म्हणून कटकट नाही, अन् मॅट रॅपवाल्याने स्वतःच सांगितलं की मे महिन्यात ४६ डिग्रीत उघड्यावर उभी ठेवणार असाल तर दोन-तीन वर्षांत कडा सुटतील. निळ्यावर दारावर अक्षरं. तिकडे जुन्या ड्रॅग गाड्यांच्या दारावर गावातल्या दुकानांची नावं असायची, ज्याने पैसे दिले त्याचं. मी विचार केला माझा स्पॉन्सर कोण? गाडी आजोबांनी इतवारीतल्या किराणा दुकानाच्या पैशातून घेतली. मग दुकानाचं नाव, खाली "ठोक व चिल्लर", अन् तेव्हाचा पाच आकडी फोन नंबर. फ्लेक्स आल्यापासून काम सुटलेला एक पेंटर सक्करदऱ्याकडे सापडला, तेव्हाचेच ब्रश आहेत त्याच्याकडे. पहिलं अक्षर काढायला पाऊण तास घेतला, म्हणे हात बसू द्या. बाबा खुर्ची टाकून पाहत होते. "ठोक" झाल्यावर आत निघून गेले, चहा आणायला म्हणे, वीस मिनिटं आले नाहीत.

जुनं_ते_जुनंच
फोटो टाक. आत्ता.

चौदा_इंची
"ठोक व चिल्लर" हे ड्रॅग कारच्या दारावर... याच्यापुढे मला काही सुचत नाही.

एक गोष्ट राहिली. तिकडे मागच्या काचेवर पांढऱ्या बुटाच्या पॉलिशने आकडा लिहितात, गाडी किती सेकंदात पाव मैल जाईल तो स्वतःचा अंदाज. ब्रॅकेट रेसिंग म्हणतात त्याला. हळू गाडीला आधी सोडतात, फरक जितक्या सेकंदांचा तितक्या आधी. अंदाजाच्या जवळ राहील पण त्याहून कमी वेळ घेणार नाही त्याचं जमते, म्हणजे फियाटसुद्धा मोठ्या गाडीला हरवू शकते. पॉलिश धुतलं की जाते, विंटेजवाल्यांचीही हरकत नाही. काय आकडा लिहिणार?

महालचा_फियाटवाला
मनात २४ आहे. बाबा म्हणतात २२, त्यांच्या काळात जायची म्हणे. पण मोजल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलंय. मित्राच्या सासऱ्यांची बुटीबोरीकडे बंद पडलेली मिल आहे, आवारात सरळ सिमेंटचा रस्ता, फाटक लागते, त्यांनी हो म्हटलंय. टेपने मापलं, ४३० मीटर भरते. म्हणजे ४०२ नंतर थांबायला २८ मीटर अन् पुढे भिंत, त्यामुळे अर्ध्याच अंतराचं, २०१ मीटरचं घड्याळ लावू. काचेवर तोच आकडा.

बर्डीचा_इंजिनिअर
अर्धंच कर. टोकाला तरीही पोत्यात वाळू भरून ठेव. अन् मोबाइलवर मोजू नका, सोडणारा अन् मोजणारा वेगळा माणूस ठेवा, एकाच माणसाचं बोट दोन्हीकडे पुरत नाही.

पटकरी_भंडारा
घड्याळ मी घेऊन येतो. पटाचं आहे, बोट बसलेलं आहे माझं. येत्या ऐतवारी का पुढच्या?

महालचा_फियाटवाला
पुढच्या काका. या ऐतवारी "चिल्लर"चा र वाळायचा आहे.